तुरुंगातल्या बाईची दिवाणी प्रकरणं: मोफत वकील मिळवण्यापासून सातबाऱ्यापर्यंत

बाई तुरुंगात गेली की घरच्यांची सगळी धावपळ जामिनासाठी सुरू होते. साहजिक आहे. पण त्याच काळात बाहेर बरंच काही घडत असतं. नवरा घटस्फोटाचा अर्ज टाकतो, भाऊ वारसनोंदीला लागतात, दीर घराचं कुलूप बदलतो, रेशनकार्डावरून नाव उडतं. फौजदारी खटल्यात बाईला तारखेला आणायची जबाबदारी पोलिसांची असते. दिवाणी कोर्ट तसं आपणहून कुणाला आणायला जात नाही. समन्स बजावलं अशी नोंद झाली, तारखेला कुणी उभं राहिलं नाही, की प्रकरण एकतर्फी चालतं.

त्यात भर मुदतीची. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ च्या कलम ६ मध्ये, अज्ञान वय आणि मानसिक असमर्थता यांना सवलत आहे. तुरुंगवासाला नाही. बाई आत असली म्हणून दावा लावायची मुदत थांबत नाही. अपील किंवा अर्जाला उशीर झाला तर कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते आणि तुरुंगवास हे त्यासाठी चांगलं कारण ठरू शकतं. मूळ दाव्याला मात्र कलम ५ लागूच होत नाही. म्हणून ‘सुटल्यावर बघू’ हे दिवाणी कामात सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

वकील फुकट मिळतो, पण कोणता?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. यात ‘स्त्री’ हा स्वतंत्र गट आहे आणि ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ हा दुसरा. आत असताना बाई दोन्हींत बसते, सुटल्यावर पहिल्यात. दोन्ही वेळा उत्पन्नाची अट नाही. तरीही काही ठिकाणी टेबलावरून ‘तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा’ असं उत्तर येतं. तो उत्पन्नमर्यादेखाली अर्ज करणाऱ्यांसाठी लागतो. अर्जात कलम १२ चे खंड क आणि ग (इंग्रजी प्रतीतले c आणि g) लिहून टाका, वाद वाचतो. संरक्षणगृहात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेल्या बाईलाही हीच तरतूद लागू आहे.

आता नेहमी होणारा घोटाळा. तुरुंगात येऊन भेटणारा, रिमांडला उभा राहणारा मोफत वकील बहुतेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयाचा, म्हणजे आरोपींना मोफत बचाव देणाऱ्या कार्यालयाचा असतो. त्या कार्यालयाचं काम फक्त फौजदारी. बाई त्याला सांगते, ‘नवऱ्याने घटस्फोटाची नोटीस पाठवलीय’, तो मान डोलावतो, ‘बघतो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. यात त्याचा दोष असेलच असं नाही, ते काम त्याच्याकडे येतच नाही. दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील लागतो आणि त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. फौजदारी खटल्यात आधीच मोफत वकील असला तरी या दुसऱ्या अर्जाला अडचण येत नाही. प्रकरणं तीन असतील तर अर्जही तीन करावेत. एकाच कागदावर सगळं लिहिलं की नेमणूक एकाच गोष्टीची होते.

मोफत म्हणजे वकिलाची फी तर नाहीच, पण कोर्ट फी, प्रोसेस फी, टायपिंग, नकला, अपिलाच्या कागदांचं भाषांतर हा खर्चही प्राधिकरणाकडे. शिवाय महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या बाबतींत महिलांना कोर्ट फी माफ आहे. दाखल करतानाच अर्जात या अधिसूचनेचा उल्लेख हवा. नंतर भरलेली फी परत मागत बसणं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं.

अर्ज

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समित्या वेगळ्या आहेत, अपिलासाठी तिकडे जावं लागतं. टोल फ्री क्रमांक १५१००. तुरुंगातून अर्ज द्यायचा तर तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे किंवा थेट अधीक्षकांमार्फत. बाईला लिहिता येत नसेल तर तोंडी सांगून दुसऱ्याने लिहिलेला आणि तिने अंगठा केलेला अर्ज चालतो. आई, बहीण, मुलगी यांनी बाहेरून दिलेला अर्जही घेतात, पण वकीलपत्रावर सही शेवटी बाईचीच लागणार.

छापील नमुना हाताशी नसेल तर कोरा कागद पुरतो. एवढं लिहिलं की झालं:

‘प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, (जिल्हा). मार्फत, मा. अधीक्षक, (कारागृह). मी (माहेरचं आणि सासरचं, दोन्ही पूर्ण नावं), न्यायबंदी किंवा शिक्षाबंदी क्रमांक (…), दिनांक (…) पासून या कारागृहात आहे. माझे पती (नाव, पत्ता) यांनी (ठिकाण) येथील कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज क्रमांक (…) दाखल केला आहे. मला समन्स दिनांक (…) रोजी मिळाले, पुढील तारीख (…) आहे. कलम १२ खंड क व ग नुसार मला मोफत वकील नेमून द्यावा. वकिलांनी पुढील तारखेपूर्वी मला कारागृहात भेटावे ही विनंती. बाहेरील संपर्क: (आई, बहीण वगैरेंचे नाव व फोन). सही किंवा अंगठा, दिनांक.’

‘पुढील तारीख’ आणि ‘तारखेपूर्वी भेटावे’ ही दोन वाक्यं विसरू नका. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. पण तारीख पाच दिवसांवर आहे हे कुणालाच माहीत नसेल तर सात दिवस उशीरच ठरतात.

अर्ज हरवतो कुठे? बाई भायखळ्याच्या तुरुंगात आणि प्रकरण लातूरच्या कोर्टात असलं की हमखास. तुरुंगातून अर्ज मुंबईच्या प्राधिकरणाकडे जातो, तिथून लातूरच्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि या मधल्या टप्प्यावर तो पडून राहतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचा आवक-जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. बाहेरच्या नातेवाइकाने त्याच अर्जाची प्रत लातूरच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी, पोच घ्यावी. दोन्ही बाजूंनी अर्ज आला म्हणून काही बिघडत नाही. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. जिल्ह्यात ते पद प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे असतं.

भिंतीच्या आतलं कागदकाम

वकीलपत्रावर बाईची सही तुरुंगाधिकाऱ्यासमोर होते आणि ते ती साक्षांकित करून शिक्का मारतात. पॅनेलवरच्या वकिलाने भेटीला जाताना प्राधिकरणाचं नेमणूकपत्र आणि ओळखपत्र घेऊन जावं. तीन-चार कोरी वकीलपत्रं एकाच भेटीत साक्षांकित करून घेणारे वकील असतात, वेळ वाचतो म्हणून. ते करू देऊ नका. प्रत्येक वकीलपत्रावर कोर्टाचं नाव आणि पक्षकारांची नावं आधी भरलेली हवीत.

प्रतिज्ञापत्राची गोष्ट निराळी. ते शपथेवर असतं, त्यामुळे नोटरी किंवा शपथ देण्याचा अधिकार असलेला अधिकारी लागतो. नुसत्या तुरुंगाच्या शिक्क्यावर आणलेलं प्रतिज्ञापत्र कोर्टाच्या ऑफिसातून आक्षेप लागून परत येऊ शकतं, आणि तेवढ्यात पंधरा दिवस जातात. वकिलाने आधी त्या कोर्टात विचारून घ्यावं आणि गरज असेल तर नोटरीला आत नेण्यासाठी अधीक्षकांची परवानगी मागावी.

नावांचा घोळ तर प्रत्येक प्रकरणात निघतो. तुरुंगाच्या रजिस्टरला एफआयआरमधलं नाव, म्हणजे बहुतेकदा सासरचं. सातबाऱ्यावर माहेरचं, तेही कधी नुसतं ‘अमुक भ्रतार तमुक’. आधारवर तिसरंच. पहिल्याच अर्जात ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं एक कलम आणि सोबत लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडला की पुढचे आक्षेप टळतात.

साक्षीच्या वेळी बाईला कोर्टात हजर करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६-अ आहे. कोर्ट तुरुंगाला आदेश देऊ शकतं. तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाने तुरुंगात येऊन, घेतलेली साक्ष पुरेशी होणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय कोर्ट असा आदेश देत नाही. त्यामुळे हजेरीसाठी भांडण्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा किंवा तुरुंगात कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्यावा. सरतपास, म्हणजे बाईची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतोच, उलटतपासापुरती सोय पाहावी लागते. समोरची बाजू ‘प्रत्यक्षच आणा’ म्हणून अडून बसली तर तो बहुतेक वेळा वेळकाढूपणा असतो.

कौटुंबिक न्यायालयात आणखी एक बारीक नियम आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार वकील लावणं हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, परवानगी लागते. ती मिळते, पण वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज जोडलेला नसेल तर पहिली तारीख फुकट जाते. बाई तुरुंगात आहे हे कारण त्या अर्जात ठळक लिहावं.

समन्स कुठे गेलं?

बाई तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवायचं आणि त्याने ते बजावून तिच्या पोचसहीसह परत करायचं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ चे नियम २४ आणि २९ सांगतात. प्रत्यक्षात नवरा अर्जात सासरचाच पत्ता घालतो. बेलिफ तिथे जातो, सासरा ‘सून घरी नाही’ म्हणत समन्स घेतो आणि घरातल्या सज्ञान माणसाला बजावलं म्हणून नोंद होते. बाईला पत्ताच नसतो.

हे आधी कळावं यासाठी एक साधं काम बाहेरच्या माणसाने महिन्यातून एकदा करावं. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर नवऱ्याचं आणि बाईचं नाव घालून पक्षकाराच्या नावाने शोध घ्यायचा. तोही राहत्या जिल्ह्यात, सासरच्या मूळ गावाच्या जिल्ह्यात आणि लग्न लागलं त्या जिल्ह्यात. कौटुंबिक न्यायालय वेगळं निवडून पाहावं लागतं. नावाच्या स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार घालून पाहा. प्रकरण सापडलं की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, पुढे सगळं त्यावरच दिसतं.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायला दिवाणी दाव्यात ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत. एकतर्फी निकाल लागूनच गेला असेल तर आदेश ९ नियम १३ चा अर्ज. त्याची मुदतही ३० दिवसच. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर मात्र बाईला निकाल कळला त्या दिवसापासून. कधी कळलं हे सिद्ध करता आलं पाहिजे. मुलाकातीला आलेल्या बहिणीने सांगितलं असेल तर त्या मुलाकातीची तुरुंगातली नोंद, पत्राने कळलं असेल तर पाकीट. आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे तुरुंगाचा दाखला, ज्यात दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख असते. समन्स घेतल्याच्या दिवशी बाई आत होती हे त्या एका कागदावर दिसतं. दाखला अधीक्षकांकडे अर्ज करून मिळतो. सुटतानाच मागून घ्यावा, नंतर खेपा पडतात.

बचावाबद्दल थोडं. हिंदू विवाह कायद्यात तुरुंगवास हे घटस्फोटाचं कारण नाही. विशेष विवाह कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षा भोगत असणं हे कारण आहे, म्हणून लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदलं ते आधी बघा. हिंदू विवाह कायद्याखाली नवरा मग दोन वर्षांच्या ‘परित्यागा’चा आधार घेतो. परित्यागाला संसार सोडण्याचा इरादा लागतो, पोलिसांनी उचलून नेलेल्या बाईने घर सोडलं असं म्हणता येत नाही. क्रूरतेचा आरोप आला तर मात्र तपशीलवार उत्तर द्यावं लागतं, आणि तिथे फौजदारी खटल्याच्या वकिलाशी बोलून मगच कैफियत लिहावी. दिवाणी कैफियतीतलं एखादं बेसावध वाक्य तिकडच्या खटल्यात तिच्याच विरुद्ध दाखवलं जाऊ शकतं. दोन वकील एकमेकांशी बोलतच नाहीत हा मोफत सहाय्यातला खरा कच्चा दुवा आहे. बाहेरच्या नातेवाइकाने दोघांचे फोन नंबर एकमेकांना द्यावेत, इतकं साधं आहे ते.

नवऱ्याच्या अर्जाला उत्तर देतानाच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. मुलं आजीकडे असतील तर त्यांची पोटगी वेगळी मागा, त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, जुन्या १२५ च्या जागी आलेलं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं. म्हणजे अर्ज जितका लवकर, तितके जास्त महिने.

जमीन, घर आणि मुलाकातीला आणलेला कागद

वडील वारले, बहीण आत, भाऊ मुलाकातीला येतात, सोबत कागद. ‘नुसती सही कर, सातबाऱ्याचं काम अडलंय.’ तो कागद बहुधा हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र असतो. वकिलाने वाचल्याशिवाय सही नाही, हे बाईला आधीच सांगून ठेवा. सही देऊन झाली असेल तरी हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर त्याने स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३८ प्रमाणे तुरुंगातल्या व्यक्तीला निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, दुय्यम निबंधक स्वतः येतो किंवा कमिशन पाठवतो. ही सोय चांगल्या कामासाठीही वापरता येते: आईच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर याच वाटेने करा आणि त्यात विक्रीचा अधिकार घालू नका.

शिक्षा झाली म्हणून वारसा जातो हा गावोगाव पसरलेला गैरसमज. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणाऱ्याला त्या मृताची मालमत्ता, आणि ज्या वारशासाठी खून केला ती मालमत्ता, मिळत नाही. बाकी मालमत्तेला हे लागू नाही. नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेल्या बाईचा तिच्या वडिलांच्या जमिनीतला वाटा तसाच राहतो. कलम २८ तर स्पष्टच सांगतं की कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज इतर कोणत्याही कारणाने वारस अपात्र होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवून टाकलं.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे पडला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या पोर्टलवर गावनिहाय दिसते, घरबसल्या, फुकट. हरकत साध्या कागदावर, पोच घेऊन द्यायची: ‘मी वारस आहे, माझे नाव वगळले आहे, मी अमुक कारागृहात असल्याने नोटीस मिळालेली नाही.’ हरकत आली की नोंद विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करून टाकली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, खरा वाटा दिवाणी कोर्टातल्या वाटपाच्या दाव्यात ठरतो. पण सातबाऱ्यावर नाव नसलेली जमीन विकली जाते आणि मग खरेदीदारही प्रतिवादी होतो, म्हणून ही हरकत आळस न करता द्यावी.

सासरच्या घरात राहण्याच्या हक्कासाठी घरगुती हिंसाचार कायदा २००५ ची कलमं १७ आणि १९. घर सासूच्या नावावर आहे म्हणून ते सामाईक घर नाही असं होत नाही, सतीश अहुजा प्रकरणात २०२० साली हे स्पष्ट झालं. स्त्रीधन परत मागायची सोयही कलम १९ मध्येच आहे. यादी लिहिताना वजन, घडणावळ, कुणी दिलं, शेवटचं कुणाच्या ताब्यात होतं, हे बाईकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

कर्जाबद्दल एवढंच: बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं थकलेलं कर्ज हा दिवाणी विषय आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ५६. वसुलीवाला ‘पुन्हा आत टाकू’ म्हणतो तेव्हा हे कलम सांगावं. लोकअदालतीत तडजोड होते, हप्ते कमी होतात, पण तिथल्या निवाड्याला अपील नाही. परवडेल तोच हप्ता कबूल करावा.

मुलं

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या १३ एप्रिल २००६ च्या निकालाने ते पक्कं केलं. त्याच निकालानुसार तुरुंगवासात जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यात जन्मस्थान म्हणून कारागृह लिहायचं नाही, त्या परिसराचा पत्ता लिहायचा. दाखल्यात चूक असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात दुरुस्तीचा अर्ज, सोबत निकालाची प्रत.

सहा पूर्ण झाल्यावर मूल आईच्या इच्छेप्रमाणे नातेवाइकाकडे किंवा संस्थेत. इथे बाल कल्याण समितीसमोर होणाऱ्या सहीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. संस्थेत तात्पुरता प्रवेश आणि मुलाचं समर्पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. समर्पणपत्र म्हणजे मूल कायमचं सोडणं. बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे फेरविचाराला दोन महिने मिळतात, त्यानंतर मूल दत्तक जाण्यास मोकळं होऊ शकतं. ‘हॉस्टेलचा फॉर्म आहे’ एवढंच ऐकून अंगठा करू नये. सही होऊन गेली असेल तर दोन महिन्यांच्या आत समितीला लेखी कळवा, अधीक्षकांमार्फत आणि नातेवाइकांमार्फत, दोन्हीकडून.

मूल आजी-मावशीकडे असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करावा. महिना २,२५० रुपये मिळतात. आई तुरुंगात असल्याचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाइड आणि बँक खातं लागतं.

नवऱ्याने मुलं नेली आणि भेटू देत नाही, तर घटस्फोट चालू असल्यास हिंदू विवाह कायदा कलम २६, नसल्यास पालक व पाल्य कायदा १८९० खाली अर्ज. तुरुंगात असताना पूर्ण ताबा मिळणं अवघड, पण मुलाकात, फोन आणि व्हिडिओ कॉलवर भेट, शाळेचं प्रगतिपुस्तक पाठवणं, एवढं मागितलं तर कोर्ट ऐकतं. आणि हे आदेश सुटल्यानंतर ताबा मागताना कामी येतात, आईने संपर्क तोडला नव्हता याचा पुरावा म्हणून.

गोव्यात अर्जाची वाट हीच आहे, महिला बंदी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात असतात. पण लग्न आणि वारसा यांचा कायदा तिथे वेगळा, पोर्तुगीज काळापासून आलेला. वरची हिंदू विवाह आणि उत्तराधिकाराची कलमं गोवेकर बाईच्या अर्जात जशीच्या तशी उतरवू नका, स्थानिक वकिलाकडूनच लिहून घ्या.

सुटल्यावरचे पहिले कागद

दारातून बाहेर पडताना तुरुंगाचा दाखला आणि जमा केलेल्या वस्तूंची यादी घ्या. निर्दोष सुटली असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल, दोन प्रती. पुढे घरमालक, नोकरी, पासपोर्ट, चारित्र्य पडताळणी, सगळीकडे तीच दाखवावी लागते. पोलिसांनी जप्त केलेले दागिने, मोबाइल मुद्देमालात असतात. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाचं काय करायचं ते लिहिलेलं असतं, बहुतेकदा ‘अपिलाची मुदत संपल्यावर परत’. ती मुदत संपताच त्याच कोर्टात अर्ज द्या.

रेशनकार्डावरून नाव कमी झालं असेल तर नवऱ्याच्या सहीची वाट बघत बसू नका, स्वतंत्र कार्डाचा अर्ज करा. तहसील कार्यालयात, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मागतील. सासरचे देत नसतील तर तसं लिहून द्या, चौकशी करणं कार्यालयाचं काम आहे. अडवलं तर प्राधिकरणाकडून त्या कार्यालयाला पत्र पाठवून घ्या. असं पत्र हेही विधी सहाय्यच आहे, त्यासाठी कोर्टात केस असावी लागत नाही. मुंबई-ठाणे भागात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातून सुटलेल्या बायकांबरोबर काम करतो, निवारा आणि कागदपत्रांसाठी तिथे विचारता येतं.

वकील पैसे मागतो, तारखेला जात नाही

पॅनेलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. ‘टायपिंगचे द्या, बेलिफचे द्या’ हेही नाही. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार, तारीख, रक्कम आणि कसे मागितले यांसह. पैसे ऑनलाइन पाठवले असतील तर स्क्रीनशॉट जोडा. वकील तारखेला गेला की नाही हे ई-कोर्ट्सच्या रोजनाम्यात दिसतं. दोन-तीन तारखांना आपल्या बाजूने कुणी हजर नसल्याचं दिसलं की त्या रोजनाम्याच्या प्रती जोडून वकील बदलून मागा. नवीन वकील नेमल्यावर आधीच्याकडून कागद आणि ना-हरकत घेणं प्राधिकरणामार्फत होतं, बाईने किंवा नातेवाइकांनी त्याच्या घरी खेपा घालायची गरज नाही. मात्र बदलाचा अर्ज चालू असताना एखादी तारीख येत असेल तर त्या दिवशी नातेवाइकाने स्वतः कोर्टात उभं राहून ‘वकील बदलण्याचा अर्ज प्राधिकरणाकडे आहे, मुदत द्यावी’ असा लेखी अर्ज द्यावा, सोबत पोच लावून.